पुसलेला आकडा वर आला : एका स्नायपर रायफलीची तपासणी

पेटीचं झाकण उघडलं की आधी नजरेला पडायचं ते एक टंकलेखित कार्ड. त्यावर चार ओळी होत्या. 'रायफल नं. ४ मार्क १ (टी), दुर्बीण नं. ३२, मूळ पेटीसह. नॉर्मंडी, १९४४. वापरणाऱ्या सैनिकाने स्वतः जपून ठेवलेली. सर्व क्रमांक जुळणारे.'

एका संग्राहकानं ही रायफल बऱ्याच वर्षांपूर्वी विकत घेतली, तेव्हा विक्रेत्यानं हे कार्ड टंकून दिलं होतं. संग्राहक वारले. संग्रह आणि त्याचा रीतसर परवाना मुलीच्या नावावर आला. तिला संग्रह विकायचा होता आणि त्याआधी कुणा जाणकाराचा लेखी अहवाल हवा होता. माझ्याआधी एक मूल्यांकनकार येऊन गेला होता. त्याचं मत थोडक्यात असं: रायफल अस्सल, दुर्बीण मॅचिंग, पेटीत सापडलेला कागद बिनकामाचा.

'सर, कार्डावर आहे तेवढंच तुमच्या सहीनं लिहून द्या, म्हणजे झालं,' ताई म्हणाल्या. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. वडिलांनी वीस वर्षं पाहुण्यांना नॉर्मंडीची, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्तफौजांच्या लढाईची, गोष्ट सांगितली होती. ती त्यांनी लहानपणापासून ऐकली होती.

कार्डावरच्या चार दाव्यांपैकी एक पूर्ण टिकला, एक साफ पडला, एक अधांतरी राहिला. चौथा खोटा निघाला, आणि नेमका तो खोटा करणाऱ्या हातामुळेच रायफलीचा खरा इतिहास सापडला. प्रकरण लिहून काढण्यासारखं वाटलं ते यासाठी.

ही रायफल काय असते

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश पायदळाची नेहमीची रायफल म्हणजे .३०३ कॅलिबरची ली-एनफिल्ड नं. ४. कारखान्यात चाचणी घेताना ज्या रायफली जास्त अचूक निघत, त्या बाजूला काढत. बर्मिंगहॅमजवळच्या बीएसए कंपनीच्या शर्ली कारखान्यातल्या अशा रायफलींवर 'टीआर' असा ठसा पडे. मग त्या लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे जात. शिकारीच्या उंची बंदुका बनवणारी ही पेढी १९४२ पासून सैन्यासाठी हे काम करत होती आणि तिच्या हातून वीस हजारांहून जास्त रायफली गेल्या. तिथे रायफलीच्या डाव्या अंगाला पोलादाचे दोन पॅड बसवत, एक पुढे, एक मागे. दस्त्यावर गाल टेकायला लाकडी उशी स्क्रूनं जोडत. दुर्बीण ज्यात बसते ते ब्रॅकेट त्या दोन पॅडांवर कानशीनं घासून घासून नेमकं बसवत. काम पुरं झालं की बॉडीवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागावर, 'टी' (टेलिस्कोप, म्हणजे दुर्बीण) आणि दस्त्याच्या गळ्याखाली, म्हणजे चापाच्या कड्यामागच्या बारीक भागाच्या खालच्या अंगाला, त्यांचा युद्धकालीन संकेत 'एस५१' ठोकला जाई.

या प्रकरणाचा सगळा खेळ एका पद्धतीवर उभा आहे. रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर ठोकत आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या गळ्यावर, वरच्या बाजूला. दोघांची ताटातूट झाली तरी कोण कुणाचं ते कळावं, एवढाच हेतू. सैन्यात दुर्बीण बिघडून बदलावी लागली तर शस्त्रकारागीर गळ्यावरच्या जुन्या आकड्यावर आडवी रेघ ठोकून शेजारी नवा आकडा मारी. जुना आकडा तो पुसत नसे. पुसायचं कारणच नव्हतं, तो काही लपवत नव्हता.

संग्राहकांच्या बाजारात 'मॅचिंग' या एका शब्दाला म्हणूनच एवढी किंमत आहे. हेच दोन आकडे खोटे ठोकण्याचा मोहही त्यामुळेच होतो.

टेबलावर

बोल्ट मागे घेतला, मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये बोट घालून पाहिलं. रिकामं. हे ताईंसमोरच केलं आणि पुढचं सगळं कामही त्यांच्या हजेरीतच झालं. परवाना त्यांच्या नावावर, त्यामुळे रायफल घेऊन मी एकटा बसणं बरं दिसलं नसतं.

पहिला तास फक्त फोटो. काही पुसलं नाही, तेल लावलं नाही, एकही स्क्रू हलवला नाही. तपासणीला आलेली वस्तू आधी 'जरा स्वच्छ' करून ठेवणाऱ्या मालकांचा मी धसकाच घेतलाय. पुरावा बहुतेक वेळा मळातच असतो.

बॉडीच्या डाव्या बाजूला कारखान्याचा संकेत 'एम४७सी', म्हणजे बीएसए, शर्ली. साल १९४४. इंग्रजी अक्षर आणि पाच आकडी क्रमांक. तो इथे देत नाही आणि पुढे येणारे आकडेही मुद्दाम बदलून दिले आहेत. नकली माल बनवणाऱ्यांची सोय कशाला करा?

बोल्टच्या मुठीवर तोच क्रमांक. 'टीआर' आहे, 'टी' आहे. ठसा खरा की मागून ठोकलेला हे ठरवताना मी अक्षराच्या वळणाआधी त्याची खाच बघतो. या रायफलीवर सनकोराइटचा थर आहे. युद्धानंतर ब्रिटिश कार्यशाळांत वापरला जाणारा हा काळा रंग. दहापट भिंगातून पाहिलं तर 'टी'च्या खाचेत तो रंग तळापर्यंत सलग उतरलेला दिसतो आणि कडेला एकही तडा नाही. म्हणजे अक्षर आधीचं, रंग नंतरचा. रंगावर मागून ठसा मारला असता तर कडा टवकारल्या असत्या आणि तळाशी उघडं पोलाद चमकलं असतं. ते लपवायला लोक थंड रसायनानं काळं करतात, पण त्याची करडी-तपकिरी झाक तिरपी धरली की ओळखू येते.

पुढच्या पॅडचे स्क्रू जागेवर ठोकून पक्के केलेले, ती टोचणी जशीच्या तशी. मागच्या साइटचं जवळच्या अंतराचं छिद्र कापून काढलेलं, दुर्बिणीच्या आड येऊ नये म्हणून. नकली 'टी' बनवणारे हे बारीक काम पुष्कळदा विसरतात. दस्त्याखाली 'एस५१' खोल आणि मळानं भरलेला. नवे पॅड बाजारात सहज मिळतात, साध्या नं. ४ वर ते बसवून 'टी' म्हणून विकलेल्या रायफली मी पाहिल्या आहेत. ही त्यातली नाही. कार्डावरचा पहिला दावा इथे मिटला: रायफल अस्सल आहे.

नळीच्या मागच्या टोकाला मात्र एक छोटी गोष्ट होती, तिच्याकडे आधीच्या मूल्यांकनकारानं बहुधा नेहमीची म्हणून पाहिलंच नाही. मुकुटाखाली 'बीएनपी' आणि शेजारी दाबाचा आकडा, साडेअठरा टन. हा बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचा व्यापारी शिक्का. सरकारी शस्त्र खासगी बाजारात विकायचं तर ब्रिटनमध्ये ते चाचणीगृहातून पास व्हावं लागतं. शिक्क्याचं हे रूप १९५४ च्या प्रूफ नियमांपासूनचं आहे. युद्ध संपल्यावर सैनिकानं पाठीवर टाकून घरी आणलेल्या आणि मग कपाटात जपलेल्या रायफलीवर हा शिक्का येतो कुठून? कुणी मागाहून रीतसर चाचणी करून घेतली असेल, असं म्हणता येईल. म्हणून मी तिथेच निकाल दिला नाही. वहीत प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढे गेलो.

दुर्बीण आणि ब्रॅकेट

नं. ३२ ही दुर्बीण मुळात ब्रेन मशिनगनसाठी आखलेली. तिकडे तिचा उपयोग झाला नाही आणि स्नायपर रायफलीवर तिचं आयुष्य गेलं. नळी एक इंच व्यासाची, वर १००० यार्डांपर्यंतचं अंतर लावायचा ड्रम. समोरची दुर्बीण मार्क ३ होती, काचा स्वच्छ, ड्रम फिरवला की टक-टक नीट वाजत होतं. वस्तू म्हणून उत्तम आणि शंभर टक्के खरी. तिचा क्रमांक आणि दस्त्याच्या गळ्यावरचा क्रमांक तंतोतंत एक. आधीचा मूल्यांकनकार इथेच थांबला असणार.

मी तोच मजकूर पुढे वाचला. नळीवर कोरलेल्या ओळींत नावाचं लघुरूप 'टेल. एसटीजी.' (टेलिस्कोप, साइटिंग), मग मार्क, क्रमांक, आणि शेवटी साल: १९४५.

नॉर्मंडीची मोहीम १९४४ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि ऑगस्टअखेर संपली. ताईंना भिंग दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. 'बाबांनी हे कधी पाहिलं नसेल?' त्या म्हणाल्या. पाहिलं असेलही. क्रमांक जुळवायच्या नादात सगळे पाच आकडे वाचतात आणि सोडून देतात. साल जुळवायचं नसतं, म्हणून कुणी वाचत नाही.

आता ब्रॅकेट. त्यावर रायफलीचा क्रमांक होता, पण ज्या सपाटीवर तो ठोकला होता ती सपाटी जरा जास्तच सपाट होती. ओतीव लोखंडाचा पोत बारीक दाणेदार असतो. इथे बोटभर जागेत तो दाणा नाहीसा झाला होता. टॉर्च जवळजवळ आडवी धरली तर कानशीच्या समांतर रेघा दिसत होत्या, एका दिशेच्या, घाईच्या. आणि ४ या आकड्याचं डोकं ब्रॅकेटवर उघडं, तर बॉडीवर मिटलेलं. दोन वेगळे ठसे-संच असायला हरकत नाही, ठोकणाऱ्या जागाही वेगळ्या असू शकतात. पण कानशीच्या रेघांवर ठोकलेल्या आकड्याबद्दल काय म्हणाल?

घासून काढलेला धातूवरचा क्रमांक आम्ल लावून पुन्हा उठवता येतो. ठोक्यानं खालचा धातूही दबलेला असतो, आम्ल तिथे वेगळं चरतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हे करतात. मी केलं नाही. ओतीव लोखंडात त्याची खात्री कमी, आणि एकदा आम्ल लागलं की वस्तू कायमची बिघडते. त्यापेक्षा साधी चाचणी होती. ब्रॅकेट रायफलीवर चढवून दोन्ही स्क्रू हातानं घट्ट केले आणि पातळ टिश्यूची पट्टी पुढच्या पॅडच्या कडेनं आत सरकवून पाहिली. खालच्या बाजूनं ती सहज आत गेली. मागच्या पॅडपाशीही एका कोपऱ्यातून उजेड दिसला. हॉलंडच्या कारागिरानं या रायफलीवर घासून बसवलेल्या ब्रॅकेटखाली टिश्यू जात नाही. हे ब्रॅकेट दुसऱ्या कुठल्या तरी रायफलीसाठी घासलेलं होतं.

गळ्यावरचा आकडा

एवढं झाल्यावर दस्त्याच्या गळ्यावरच्या जुळणाऱ्या आकड्याबद्दल मला काही भ्रम उरला नव्हता. तरी नीट पाहणं भाग होतं.

लाकूड बीच झाडाचं. ऐंशी वर्षं हात आणि जवसाचं तेल लागून मध्यम तपकिरी झालेलं. पाच आकडे स्वच्छ, खोल, कडा धारदार. दातकोरणीच्या टोकानं एका आकड्याच्या तळाला हलकं टेकून पाहिलं, मळ नाही. तीन इंचांवरच्या 'एस५१'च्या खाचेत इतका मळ की अक्षर काळ्या शाईनं भरल्यासारखं. एकाच दस्त्यावर, एकाच काळात ठोकलेले दोन ठसे असे वेगळे मुरत नाहीत. शिवाय आकड्यांच्या भोवती लाकडाला किंचित खोलगट बशीसारखी दबण होती. पॉलिश पेपरची खूण. कुणीतरी इथलं काहीतरी घासून काढलं होतं.

काढलं काय होतं?

घासलेलं परत दिसणार नाही असं समजून मी फक्त नोंदीपुरता तिरप्या उजेडातला फोटो घ्यायला गेलो. खोलीचे पडदे ओढले, टॉर्च लाकडाला टेकवून धरली. नव्या आकड्यांच्या किंचित पुढे, नळीच्या बाजूला, लाकडावर काहीतरी उठून आलेलं दिसलं. खाच नव्हती, उलट उंचवटा होता, केसाएवढा. डोळे मिटून तर्जनी फिरवली तर लागला.

याचं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लोखंडी ठसा लाकडावर ठोकला की तिथले तंतू दाबले जातात, खाचेच्या तळाखाली खोलवर. मग कुणी पॉलिश पेपरनं भोवतालची पातळी खाचेच्या तळाइतकी खाली आणली की आकडा दिसेनासा होतो. पण दाबलेले तंतू तसेच दाबलेले राहतात. पुढे ओल लागली, हवेतला दमटपणा मुरला, की ते फुगतात, आपली मूळ जागा मागतात, आणि भोवतालच्या घासलेल्या लाकडाच्या वर येतात. सुतार दबलेल्या लाकडाचा खड्डा वाफ देऊन उठवतात तो याच गुणावर. घासणाऱ्यानं आकडा पुसला त्या दिवशी गळा सपाट असणार. पुढच्या वीस-पंचवीस पावसाळ्या-हिवाळ्यांनी तो हळूहळू वर आणला.

पातळ कागद ठेवून मऊ शिसं आडवं घासलं. नवे आकडे खोल असल्यानं कागदावर पांढरे उमटले आणि जुने उंच असल्यानं काळे. एकाच ठशावर दोन क्रमांक, एक पांढरा, एक काळा. तो कागद ताईंनी मागून घेतला, आता तो त्यांच्याकडेच आहे.

काळे आकडे पाच. पहिला १, दुसरा ४, चौथा शून्य, पाचवा ७. तिसऱ्यावर नव्या क्रमांकाचा एक पाय ठोकला गेला होता, त्यामुळे तो ३ की ८ हे चार दिशांच्या उजेडातही कळेना. अहवालात १४३०७ किंवा १४८०७ असंच लिहिलं.

बिनकामाचा कागद

आता ज्या कागदाला आधी बाजूला सारलं होतं त्याच्याकडे वळलो. चौकटीच्या वहीचं अर्धं पान, तीन घड्या, पेन्सिलीचं अक्षर. वर दोन लघुरूपांचा मथळा, कोपऱ्यात तारीख, साल नुसतं ५१. खाली एकाखाली एक अकरा पाच-आकडी क्रमांक, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. पलटणीचं नाव नाही, सही नाही. ताईंच्या वडिलांना तो पेटीच्या आत, लाकडी ठोकळा आणि बाजूची फळी यांच्या फटीत मिळाला होता. त्यांनी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला, कार्डाखाली.

आधीच्या मूल्यांकनकारानं अकरा क्रमांकांत रायफलीचा क्रमांक शोधला. नव्हता. मग दुर्बिणीचा शोधला. तोही नव्हता. म्हणून कागद परका ठरला. पण यादीवर मथळा होता आणि तो त्याच्या हातातल्या दुर्बिणीवरच कोरलेला होता: 'टेल. एसटीजी.' यादी दुर्बिणींची होती. ब्रिटिश रायफलीच्या क्रमांकाला अक्षराचा उपसर्ग असतो, यादीतल्या एकाही क्रमांकाला नव्हता. तेवढ्यावरूनही कळलं असतं.

सातव्या ओळीत १४८०७ होता.

ताई काही बोलल्या नाहीत. मी मात्र खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. अशा वेळी स्वतःवर ब्रेक लावावा लागतो, कारण जुळलेला आकडा माणसाला आंधळा करतो आणि त्याच आंधळेपणाची ही सगळी केस होती. म्हणून उलट बाजूनं विचार केला. हा योगायोग असू शकतो का? दुर्बिणींचे क्रमांक वीस हजारांच्या पलीकडे गेलेले, माझे उमेदवार दोन, यादीतल्या ओळी अकरा. ढोबळ हिशेबानं हजारात एखादी शक्यता. अशक्य नाही, पण फार दूरची.

कागद मागाहून बनवलेला असेल का? अतिनील दिव्याखाली तो चमकला नाही. साधारण १९५० नंतर कागदात चकाकी आणणारी रसायनं पसरत गेली आणि आजचा बहुतेक कागद या दिव्याखाली निळसर पेटतो. न चमकणं म्हणजे जुनेपणाचा दाखला नव्हे, पण हल्लीच्या वहीतलं पान नाही एवढं त्यातून निघतं. त्याहून मोठा मुद्दा हा की खोटा कागद बनवणारा माणूस तो रायफलीशी जुळेल असा बनवील. हा जुळत होता अशा आकड्याशी, जो कागद सापडला तेव्हा कुणाला दिसतही नव्हता.

कागद याच पेटीतला कशावरून? त्याच्या एका घडीवर गंजाचा गोल डाग होता, मधे आडवी पांढरी रेघ. पेटीच्या त्या फटीत एका लाकडी स्क्रूचं डोकं उघडं होतं. डाग स्क्रूवर धरला, व्यास जुळला, खाचेची रेघही जुळली. कित्येक वर्षं तो कागद त्या स्क्रूला टेकून बसला होता.

आणि पेटी याच रायफलीची कशावरून? नं. १५ ची ही लाकडी पेटी. झाकणाच्या कडेला पांढऱ्या रंगात रायफलीचा क्रमांक, रंगाला जाळीदार तडे, तड्यांत धूळ बसलेली. नव्या रंगाला असे तडे नसतात.

या तपासणीतला मला सर्वांत आवडलेला भाग हा. अशा कामात दस्ता ही कायमची लंगडी बाजू असते. दस्त्यावर रायफलीचा क्रमांक नसतो आणि एका स्क्रूवर तो बदलता येतो. गळ्यावर जुना आकडा सापडला तरी दस्ता याच रायफलीचा कशावरून, असा प्रश्न कुणीही विचारील. इथे उत्तर गोल फिरून आलं. रायफल पेटीला रंगवलेल्या क्रमांकानं बांधलेली, पेटी कागदाला गंजानं, कागद दस्त्याला दुर्बिणीच्या क्रमांकानं. दस्ता दुसऱ्या रायफलीचा असता तर त्याचा आकडा या पेटीतल्या यादीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

मग घडलं काय असावं

रायफल १९४४ मध्ये बनली, हॉलंडकडे गेली, १४८०७ क्रमांकाची दुर्बीण घेऊन बाहेर पडली. १९५१ मध्ये ती सैन्याच्याच ताब्यात होती, कारण तिच्या दुर्बिणीची मोजदाद कुणीतरी करत होतं. १९५४ च्या नियमांनंतर केव्हा तरी ती प्रूफ होऊन व्यापारात उतरली. 'सैनिकाने जपून ठेवलेली' हा दावा इथे संपला. प्रूफचा शिक्का एकटा पुरेसा नव्हता, १९५१ च्या यादीनं त्याला साक्ष दिली. ती विकली गेली हे बरंच झालं. सैन्यात राहिलेल्या 'टी' रायफलींपैकी हजारभर १९७० च्या सुमारास ७.६२ मिलिमीटरच्या एल४२ए१ या नव्या स्नायपर रायफलीत बदलल्या गेल्या.

पुढे व्यापारात कुठेतरी दुर्बीण आणि ब्रॅकेट वेगळे झाले. दुर्बीण एकटीही चांगली विकली जाते, त्यामुळे हे फार होतं. नंतर कुणीतरी १९४५ ची दुसरी दुर्बीण आणि परकं ब्रॅकेट आणलं, ब्रॅकेट कानशीनं घासलं, गळा पॉलिश पेपरनं घासला आणि दोन्ही जागी हवे ते आकडे ठोकले. हे कुणी केलं ते सांगता येत नाही, आणि कार्ड टंकणाऱ्यानंच केलं असं अहवालात सुचवलेलंही नाही. त्यालाही कुणी तसंच विकलं असेल.

कीव येते ती एका गोष्टीची. घासणाऱ्यानं जो आकडा पुसला तोच पेटीतल्या कागदाशी जुळत होता. दुर्बीण नसलेली, पण १९५१ च्या यादीनं बांधलेली रायफल ही संग्राहकांच्या जगात खोट्या मॅचिंगपेक्षा केव्हाही मोलाची. हातात खरा पुरावा असताना त्यानं तो घासून खोटा ठोकला.

नॉर्मंडीचं काय?

ताईंचा खरा प्रश्न हाच होता आणि त्यांनी तो शेवटी विचारला. दुर्बिणीपुरता दावा अशक्य. रायफलीपुरता पुरावा शून्य. १९४४ मध्ये बनलेली, मग हॉलंडकडे फेरी, म्हणजे वेळ फार घट्ट बसते. ती युरोपात गेलीच नाही असं मात्र मी म्हणू शकत नाही.

'पण कुठेतरी नोंद असेल ना?' अमेरिकी कोल्ट कंपनीची बंदूक घेतलेल्या माणसाला कंपनीच्या अभिलेखातून पत्र मिळतं, अमुक क्रमांक अमुक तारखेला अमुक ठिकाणी पाठवला. जुन्या विंचेस्टर बंदुकांच्या बऱ्याच नोंदी वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात आहेत. ते ऐकून लोकांना वाटतं की प्रत्येक बंदुकीचं असं पत्र निघतं. वायव्य युरोपात लढलेल्या ब्रिटिश पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ १७१ या मालिकेत आहेत, त्या वाचता येतात. पण त्यांत कूच, हल्ला, हवा, जखमींचे आकडे असतात. कुणाच्या खांद्यावर कुठल्या क्रमांकाची रायफल होती हे लिहायला तिथे कुणाला वेळ नव्हता. पलटणीचं नावच माहीत नसताना ती पानं चाळणं म्हणजे पत्त्याशिवाय घर शोधणं. मी त्यांना तो खर्च करू नका असं सांगितलं.

अहवाल दीड पानाचा झाला. रायफल अस्सल, बोल्ट आणि पेटी जुळणारी. दस्ता मूळचा असण्याची शक्यता फार मोठी, कारणांसह. दुर्बीण अस्सल, पण या रायफलीची नव्हे. ब्रॅकेट अस्सल, क्रमांक नंतर ठोकलेला. गळ्यावरचा दिसणारा क्रमांक नंतर ठोकलेला, त्याखाली जुना, वाचन सोबतच्या फोटोंत. नॉर्मंडी: आधार नाही.

गळ्यावरचा खोटा आकडा आता काढून टाकावा का, असं ताईंनी विचारलं. मी नको म्हटलं. परत पॉलिश पेपर लावला तर त्याच्याबरोबर जुना आकडाही जाईल, आणि या खेपेला तो वर येणार नाही. तेलसुद्धा लावू नका, असंही सांगितलं. तेलानं उंचवट्याची कड बुजते.

टंकलेखित कार्ड फेकायला त्या निघाल्या होत्या. ते त्यांच्या हातून घेतलं, मागच्या बाजूला पेन्सिलीनं तपासणीची तारीख लिहिली आणि त्याखाली 'दुर्बीण १४८०७, शोध चालू'. मग ते परत पेटीत ठेवलं, कागदाच्या पाकिटाखाली.